धंदा आणि वारसा दोन्ही बघणारा वकील व्हायचंय? मग कुठून सुरू करायचं ते बघू

वकिली म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कोर्टच येतं, काळा कोट, उलटतपासणी, तारखा. मी ज्या वकिलीबद्दल लिहितेय तिच्यात कोर्ट फार कमी वेळा येतं, आणि येतं तेव्हा बहुतेकदा कुणीतरी आधी काहीतरी लिहायचं राहून गेलेलं असतं म्हणून येतं. दोन मित्रांना मिळून वर्कशॉप काढायचंय. एका डॉक्टर बाईंना क्लिनिक मुलीला द्यायचंय पण मुलगा दुखावला जाऊ नये असंही पाहिजे. सत्तरीतल्या एका मालकाला झोप लागत नाही कारण आपल्यामागे किल्ल्या कुणाच्या हातात जाणार हेच ठरलेलं नाही. ही माणसं आपल्या भागातल्या ज्या वकिलाकडे जातात तो वकील कसं व्हायचं, हे सांगते.

आधी एक गैरसमज काढून टाका. नवीन मुलंमुली विचारतात, मॅडम, बिझनेसचं काम करू की विलचं? मोठ्या फर्ममध्ये हा प्रश्न बरोबर आहे, तिथे दोघांचे मजलेच वेगळे असतात. लोकल वकिलाला ही चैन नाही. छोट्या धंद्याचा मालक गेला की धंद्याचा प्रश्न आणि घरचा प्रश्न एकाच सकाळी दारात उभे राहतात. इंग्लंडचा १८९० चा भागीदारी कायदा घ्या किंवा भारताचा १९३२ चा, दोन्हीकडे नियम तोच, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर एक भागीदार वारला की भागीदारी संपते. म्हणजे वीस वर्षं चाललेली फर्म कागदावर एका रात्रीत बंद. आता समजा करारात लिहिलंय की गेलेल्याचा हिस्सा उरलेला भागीदार विकत घेईल, आणि त्याच माणसाच्या मृत्युपत्रात लिहिलंय की फर्ममधला माझा हिस्सा मुलाला. दोन कागद, दोन वकील, दोघांनी एकमेकांचा कागद बघितलेला नाही. अशा घरात पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून दोन्ही शिका, एकत्रच शिका.

डिग्री आणि सनद

हे थोडक्यात, कारण प्रत्येक देशाचं वेगळं आहे आणि माहिती सहज मिळते. भारतात बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, मग बार कौन्सिलकडे नोंदणी आणि ऑल इंडिया बार एक्झाम. अमेरिकेत पदवीनंतर साधारण तीन वर्षांचं लॉ स्कूल आणि मग त्या त्या राज्याची बार परीक्षा. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सॉलिसिटर (म्हणजे सल्ला आणि कागदपत्रांचं काम बघणारा वकील) व्हायला एसक्यूई नावाची परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव. कॉलेजात असताना करार, मालमत्ता, वारसा, कंपनी आणि टॅक्स हे विषय पास होण्यापुरते करू नका, नीट करा. आणि अकाउंट्स. अकाउंट्स कुणी सांगत नाही पण ताळेबंद वाचता न येणारा वकील धंद्याच्या वाटणीत बसला की समोरचा सीए त्याला गुंडाळून खिशात घालतो. मी हे स्वतः अनुभवलंय, पहिल्या वर्षी एका मीटिंगमध्ये गुडविलचा, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाच्या किंमतीचा, आकडा कुठून आला हे विचारायची हिंमतच झाली नाही, नुसती मान हलवत बसले.

सिनियर कुठला निवडायचा

निदान दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढा. स्टायपेंड कमी असेल, चालेल, पण तीन गोष्टी बघा. एक, सिनियर तुम्हाला अशिलासोबतच्या मीटिंगला बसू देतो का. दोन, जुन्या फाईली वाचू देतो का, विशेषतः ज्या बिघडल्या त्या. तीन, संध्याकाळी सहा वाजता त्याच्या टेबलवर किती काम "उद्या बघू" म्हणून पडलेलं असतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, ती का ते पुढे येईलच.

जिथे कागद दाखल होतात, नोंदणी होते, वारसाचे अर्ज जातात, तिथल्या काउंटरवरच्या कारकुनांशी नीट वागा. अर्ज कशामुळे परत येतो हे पुस्तकात नसतं, ते त्यांना पाठ असतं. माझ्या पहिल्या वर्षातली निम्मी शिकवणी त्या खिडकीवर झालीय.

पहिली मीटिंग: आपला अशील नक्की कोण?

इथे थांबून नीट वाचा, कारण नव्या वकिलाचा घात इथेच होतो.

मुलगा फोन करतो, वडिलांचं विल करायचंय. मुलगा वडिलांना घेऊन येतो, मुलगा बोलतो, फी पण मुलगाच देणार. अशील कोण? वडील. फक्त वडील. त्यामुळे पहिलं काम म्हणजे मुलाला गोड बोलून बाहेर बसवायचं आणि वडिलांशी एकट्यानं बोलायचं. नाराजी होते, काही जण उठून दुसऱ्या वकिलाकडे जातात, जाऊ द्या. उद्या मुलीनं आरोप केला की भावानं दबाव आणून लिहून घेतलं, तेव्हा तुम्ही वडिलांना एकट्यानं भेटलात का हाच पहिला प्रश्न येणार आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या फाईलमध्ये पाहिजे, तारखेसकट.

भागीदारीतही तेच. दोन मित्र हसत येतात, म्हणतात तुम्ही दोघांचेही वकील, एकच करार करून टाका, खर्च वाचेल. आज दोघं एका बाजूला आहेत पण करार लिहायचा असतो तो ज्या दिवशी नसतील त्या दिवसासाठी. कोण किती तास देणार, पैसे एकाचे आणि मेहनत दुसऱ्याची असेल तर नफा कसा वाटणार, एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कोण ठरवणार, यातला प्रत्येक क्लॉज एकाच्या फायद्याचा आणि दुसऱ्याच्या तोट्याचा. दोन्ही डगरींवर हात ठेवून हे काम होत नाही. काही ठिकाणी दोघांची लेखी संमती घेऊन दोघांसाठी काम करता येतं, काही ठिकाणी येत नाही, तुमच्याकडचे नियम वाचा, पण माझा सल्ला विचाराल तर एकाचेच वकील व्हा आणि दुसऱ्याला स्पष्ट लिहून कळवा की तुम्ही तुमचा सल्ला वेगळा घ्या.

मीटिंग संपली की त्याच दिवशी एक पत्र जायला पाहिजे, काय काम करणार, काय नाही करणार, फी किती, कधीपर्यंत. "टॅक्सचा सल्ला यात धरलेला नाही" हे एक वाक्य राहून गेल्यामुळे चांगले चांगले अडचणीत आलेत.

काय विचारायचं

लोक येतात तेव्हा उत्तर घेऊन येतात, "एक साधं विल करून द्या". साधं विल असं काही नसतं, साधा प्रश्न न विचारलेलं विल असतं. मी एक जुनी वही ठेवलीय, दर वेळी नवा प्रश्न सुचला की तिच्यात टाकते. त्यातले काही सांगते.

आधीचं लग्न, आधीची मुलं, सांभाळलेली मुलं? कुणाला उसने दिलेले पैसे, ते माफ करायचेत का? धंद्याच्या कर्जाला घराचं तारण आहे का, बायकोची किंवा नवऱ्याची पर्सनल गॅरंटी? धंद्याचं बँक खातं एकट्याच्या सहीनं चालतं का, मग तुम्ही दोन महिने हॉस्पिटलात असलात तर पगार कोण करणार? हा शेवटचा प्रश्न विचारला की खोलीत शांतता पसरते. मरणाचा विचार करून आलेला माणूस आजारपणाचा विचार करून आलेला नसतो, आणि पॉवर ऑफ ॲटर्नीचं, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाचं, अर्धं काम तिथून निघतं. (ती कधी लागू होते आणि शुद्ध हरपल्यावर चालू राहते की संपते, हे प्रत्येक देशात वेगळं आहे, डोळे झाकून फॉर्म भरू नका.)

मग फॉर्म. विमा, पेन्शन, शेअर्स, यांच्यावर कुणाचं नाव टाकलंय ते अशिलाला आठवत नसतं. अमेरिकेत २००९ मध्ये सुप्रीम कोर्टात एक केस गेली, माणसाचा घटस्फोट झालेला, बायकोनं त्याच्या कंपनीतल्या बचत योजनेवरचा हक्क घटस्फोटात सोडलेला, पण कंपनीकडच्या फॉर्मवरचं तिचं नाव त्यानं कधी बदललंच नाही. तो वारला, पैसे फॉर्मप्रमाणे घटस्फोटित बायकोला गेले, कोर्टानंही तेच बरोबर ठरवलं. उलट भारतात नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअर्सच्या बाबतीतही नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. फॉर्मवरच्या एकाच नावाचे दोन देशांत दोन अर्थ. म्हणून अशिलाला सांगायचं, सगळे फॉर्म घेऊन या, आठवणीवर जाऊ नका.

आणि कंपनी असेल तर अजून एक घोळ असतो. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याच्या केसमध्ये ठरलं की कंपनी वेगळी आणि मालक वेगळा, शेअर जवळपास सगळे एकाचेच असले तरी. सव्वाशे वर्षं झाली, पण मालक अजून मृत्युपत्रात लिहायला सांगतात "माझी गोडाऊनची जागा धाकट्याला". जागा कंपनीच्या नावावर. ती द्यायचा हक्क मालकाला नाही, त्याला देता येतात ते शेअर.

ड्राफ्ट

जुना नमुना उघडून नावं बदलायची, हे सगळेच करतात, मीही करते, नमुना असणं यात वाईट काही नाही. पण नमुना दुसऱ्या देशातला असेल तर हात दाखवून अवलक्षण. इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि दोघं एकाच वेळी हजर पाहिजेत. भारताच्या १९२५ च्या कायद्यालाही दोन लागतात, पण दोघं एकाच वेळी हजर असायलाच पाहिजेत असं नाही. फ्रान्समध्ये संपूर्ण स्वतःच्या हातानं लिहून, तारीख टाकून, सही केली तर साक्षीदारच लागत नाही, मात्र तिथे मुलांचा ठरावीक वाटा कायद्यानंच राखलेला असतो, तो काढून घेता येत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या "स्टँडर्ड विल" मध्ये यातलं काय बसतं?

भाषा साधी ठेवा. जिवंत असताना वाचून अशिलाला कळलं नाही ते मेल्यावर वारसांना काय कळणार. मी ड्राफ्ट झाला की अशिलाला म्हणते, आता तुमच्या शब्दात मला सांगा कुणाला काय मिळणार. दहातले तीन जण वेगळंच सांगतात. मग परत बसायचं. आणि प्रत्येक नावापुढे एक प्रश्न, हा माणूस आधी गेला तर?

धंद्याच्या करारात सगळ्यात जास्त वेळ किंमतीच्या क्लॉजवर घालवा. "वाजवी किंमत" एवढंच लिहिलं तर दाव्याचा पाया तुम्हीच घातला. कोण काढणार, कुठल्या तारखेची, कुठल्या पद्धतीनं, पैसे किती हप्त्यांत, आणि पैसे आणायचे कुठून, त्यासाठी भागीदारांनी एकमेकांचा विमा काढायचा का, हे सगळं लिहा.

सहीचा दिवस

साक्षीदार असा घ्या ज्याला विलमधून दमडी मिळत नाही, आणि ज्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला पण मिळत नाही. इंग्लंडमध्ये एका सॉलिसिटरनं विल सहीसाठी पोस्टानं पाठवलं पण हा इशारा द्यायचा विसरला, लाभार्थी बाईच्या नवऱ्यानं साक्षीदार म्हणून सही केली आणि बाईंचा वाटा रद्द. तिनं सॉलिसिटरवरच दावा लावला आणि १९७९ मध्ये जिंकली. लक्षात घ्या, ती त्याची अशील पण नव्हती.

अशील म्हातारा किंवा आजारी असेल तर डॉक्टरनं बघून लिहून दिलेलं असावं, डॉक्टर साक्षीदार असेल तर आणखी चांगलं. इंग्लंडमधले वकील याला गोल्डन रूल म्हणतात, १९७५ पासून. पण म्हणून विसराळूपणा दिसला की घाबरून काम नाकारू नका. १८७० च्या एका प्रसिद्ध केसमध्ये मृत्युपत्र करणाऱ्याला मेलेला माणूस आपला पाठलाग करतोय असं वाटायचं, तरी मृत्युपत्र वैध ठरलं. कारण आपण काय करतोय, आपल्याकडे काय आहे आणि आपल्यावर कुणाचा हक्क आहे, हे त्याला कळत होतं आणि त्या भासाचा वाटणीवर परिणाम झालेला नव्हता. आजही बऱ्याच देशांत कोर्टं हेच तपासतात. तेव्हा तुम्ही पण हेच विचारा आणि उत्तरं त्याच्याच शब्दात लिहून ठेवा.

एक बारीक गोष्ट, सिनियरनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलेली: मूळ मृत्युपत्राची पिन कधी काढायची नाही, झेरॉक्ससाठी पण नाही. पिनेची जास्तीची भोकं दिसली की कुणीतरी विचारणार, कुठलं पान बदललं?

उशीर

आता ते संध्याकाळी सहाचं टेबल. इंग्लंडमध्ये एका वडिलांनी मुलींशी भांडून त्यांना मृत्युपत्रातून काढलं, मग समेट झाला, जुलै १९८६ मध्ये सॉलिसिटरला कळवलं की दोघींना प्रत्येकी ९,००० पौंड द्या, नवीन विल करा. सॉलिसिटरकडे ते भिजत घोंगडं पडलं. सप्टेंबरमध्ये वडील गेले. मुलींनी लावलेला दावा हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेला आणि १९९५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, नुकसान भरपाई वकिलाकडून. दोन महिने. आपल्या व्यवसायात दोन महिने म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? म्हणून माझ्या ऑफिसात मृत्युपत्राच्या फाईलला वेगळा रंग आहे आणि आठवड्याच्या आत ड्राफ्ट बाहेर जातो. माणूस आजारी असेल तर त्याच दिवशी.

आणि अशील टाळाटाळ करत असेल तर? त्याला लेखी आठवण करा, दोनदा, तिनदा. लोक टाळतात, कारण सही केली की मरण जवळ येतं असं आत कुठेतरी वाटत असतं. भल्याभल्यांचं तसंच होतं. गायक प्रिन्स २०१६ मध्ये विल न करता गेला, इस्टेट मार्गी लागायला २०२२ उजाडलं. अरेथा फ्रँकलिनची हातानं लिहिलेली पानं ती गेल्यावर घरात सापडली, त्यातली काही सोफ्याच्या गादीखाली, आणि कुठली पानं खरी हे २०२३ मध्ये ज्युरीला ठरवावं लागलं. उलट कॅनडातला एक शेतकरी, सेसिल हॅरिस, ८ जून १९४८ ला स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली अडकला, त्यानं खिशातल्या चाकूनं मडगार्डवर कोरलं की मी यात मेलो तर सगळं बायकोला, आणि खाली नाव. ते मृत्युपत्र म्हणून मान्य झालं आणि ते मडगार्ड सस्कॅचेवान विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात जपून ठेवलंय. मी हा किस्सा टाळाटाळ करणाऱ्या प्रत्येक अशिलाला सांगते, हसतात आणि बरेचदा पेन मागतात.

पैसे आणि काम मिळणं

अशिलाचे पैसे वेगळ्या खात्यात, तुमचे वेगळ्या. एक दिवसासाठी सुद्धा इकडचे तिकडे नाही, भाडं भरायचं राहिलं असेल तरी नाही. सनद घालवायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

फी ठरावीक कामाला ठरावीक ठेवा, वादाच्या कामाला तासावर. सुरुवातीला सगळे मृत्युपत्र फार स्वस्तात करतात, मग त्यात वेळ घालवणं परवडत नाही, मग प्रश्न विचारले जात नाहीत. जे परवडेल ते सांगा, नाही जमलं तर नाही.

काम जाहिरातीतून कमी येतं. सीए, विमा एजंट, बँकेतला माणूस, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ज्याचं काम नीट झालं त्याची बहीण. मात्र काम पाठवल्याबद्दल कुणाला कमिशन देऊ नका, बऱ्याच ठिकाणी ते नियमातच बसत नाही. पहिली दोन वर्षं छोटी कामं घ्या, भाडेकरार, दुकानाची नोंदणी, छोटी वसुली. आज ज्याचा भाडेकरार केला तो पाच वर्षांनी भागीदार घेऊन येतो आणि वीस वर्षांनी मृत्युपत्रासाठी. मोठ्या टॅक्सचं, परदेशातल्या मालमत्तेचं, तिढ्याच्या ट्रस्टचं काम आलं तर जाणकाराकडे पाठवा, त्यात कमीपणा नाही, अशील परत तुमच्याकडेच येतो.

कायदा बदलला की जुन्या अशिलांना एक ओळ पाठवा. लग्न, घटस्फोट, मूल, नवी जागा, धंदा विकला, यातलं काही झालं तर कळवा, हे पण सांगून ठेवा. काही देशांत लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं आणि ते नवरदेवाच्या गावीही नसतं.

तुमची स्वतःची फाईल

हे कुणी शिकवत नाही. तुम्ही एकटे प्रॅक्टिस करत असाल तर तुमच्या कपाटात शंभर-दोनशे लोकांची मूळ मृत्युपत्रं, करार, मालमत्तेचे कागद असणार. तुम्ही उद्या अचानक आजारी पडलात तर ते कपाट कोण उघडणार? म्हणून प्रॅक्टिसच्या पहिल्याच वर्षात हे करा: मूळ कागदांचं एक रजिस्टर ठेवा, कुणाचं, काय, कुठल्या खणात, कधी आलं, कधी परत दिलं. ओळखीच्या एका वकिलाशी लेखी ठरवा की तुम्ही त्याचं बघाल, तो तुमचं बघेल, तातडीच्या तारखा कुठे लिहिल्यात, पासवर्ड कुठे आहेत, अशिलांच्या खात्याचं काय करायचं. तुमच्याकडचा नियम अशा व्यवस्थेला परवानगी कशी देतो ते तपासा. आणि तुमचं मृत्युपत्र करा, स्वतःचं स्वतः नाही, दुसऱ्या वकिलाकडून. मी माझं करायला गेले तेव्हा समोरच्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, मॅडम, ऑफिसची जागा तुमच्या नावावर आहे की फर्मच्या? मला घरी येऊन कागद बघावा लागला.